लिनक्सवर गेममधील चित्र बिघडते तेव्हा: मुक्तस्रोत ग्राफिक्स ड्रायव्हरच्या दोषाचे निदान

गेम सुरू होतो, आवाज येतो, माउस आणि कळफलक बिनतक्रार चालतात. पण डोंगराच्या सावलीत काळे चौकोन नाचू लागतात, किंवा पात्राच्या खांद्यातून एक लांबलचक त्रिकोण निघून थेट आकाशात जातो. अशी तक्रार असलेला लिनक्सचा संगणक दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणा ना कोणाकडून माझ्या टेबलावर येतो. बहुतेक वेळा त्यात एएमडी किंवा इंटेलचे ग्राफिक्स असते आणि त्यावर मेसा या मुक्तस्रोत संचातला ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला कामाला लावणारा प्रोग्रॅम, चालत असतो. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात आज एएमडीसाठी रेडिऑन-एसआय हा ओपनजीएलचा आणि आरएडीव्ही हा व्हल्कनचा ड्रायव्हर आहे, इंटेलसाठी त्याच क्रमाने आयरिस आणि एएनव्ही आहेत, आणि एनव्हिडियाच्या कार्डांसाठी एनव्हीके आहे. (ओपनजीएल आणि व्हल्कन या गेमने कार्डाला चित्र काढायला सांगण्याच्या दोन ठरावीक पद्धती.) पुढील क्रम मुख्यतः एएमडी आणि इंटेलसाठी आहे. एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर वापरणाऱ्यांना यातल्या सुरुवातीच्या तपासण्या उपयोगी पडतील, नंतरच्या नाहीत.

एक सूचना आधीच करून ठेवतो. खाली आज्ञा आणि व्हेरिएबलांची, म्हणजे प्रोग्रॅमला सेटिंग कळवणाऱ्या चलांची, नावे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टाइप करावी लागतात. आज्ञा आणि '=' नंतरचे शब्द लहान लिपीत आणि व्हेरिएबलांची नावे मोठ्या लिपीत असतात.

लक्षणे

नेमके काय दिसते, हे आधी नीट पाहून शब्दांत लिहून काढावे. 'ग्राफिक्स खराब येते' एवढ्या वर्णनावरून कोणालाच काही सांगता येत नाही, उलट बिघाडाचा आकार बराच काही सांगून जातो.

पृष्ठभागावर ठरावीक मापाचे छोटे चौकोन दिसत असतील, त्यांत मागच्याच दृश्याचे किंवा भलतेच रंग भरलेले असतील आणि कॅमेरा फिरवताच ते जागा बदलत असतील, तर संशय रंगांच्या संकुचनावर जातो. आधुनिक कार्डे मेमरीची ये-जा वाचवण्यासाठी चित्र आवळून ठेवतात आणि कोणता तुकडा कसा आवळला आहे याची नोंद वेगळी ठेवतात. ही नोंद आणि प्रत्यक्ष चित्र यांचा मेळ चुकला की तुकड्यातुकड्यांनी कचरा दिसतो. एकमेकांलगतचे दोन पृष्ठभाग आलटून पालटून लुकलुकत असतील, म्हणजे भिंतीवरचे पोस्टर क्षणात दिसत आणि क्षणात नाहीसे होत असेल, तर प्रश्न खोलीच्या, म्हणजे कोणता पृष्ठभाग पुढे आणि कोणता मागे हे ठरवण्याच्या, गणिताचा असतो. अनेक गेम एकच वस्तू दोन फेऱ्यांत रेखाटतात. दोन्ही फेऱ्यांत शिरोबिंदूची (वस्तू ज्या त्रिकोणांनी बनते त्यांच्या टोकाची) जागा अगदी शेवटच्या बिटापर्यंत तीच आली नाही, तर कधी ही फेरी जिंकते आणि कधी ती.

तेजस्वी दिव्याजवळ काळा ठिपका उमटून तो मोठ्या काळ्या डागात पसरत असेल आणि सेटिंगमधील 'ब्लूम' (तेजस्वी भागाचा प्रकाश आजूबाजूला पसरवणारी सोय) बंद करताच आकसून बारीक होत असेल, तर एखाद्या शेडरमध्ये, म्हणजे कार्डावर चालून चित्राचे आकार आणि रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, शून्याने भागाकार किंवा ऋण संख्येचे वर्गमूळ यांसारखे अवैध गणित घडलेले असते. असा एकच बिंदू प्रकाश पसरवणाऱ्या फिल्टरमध्ये गेला की शेजारचे सगळे बिंदू तो नासवतो. नासका आंबा अढीत राहावा, तसाच हा प्रकार. वस्तूच्या कडेकडेने भलत्याच टेक्श्चरची (पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्राची) ठिगळे लागलेली दिसली, तर एकाच वेळी शेजारशेजारच्या बिंदूंनी वेगवेगळी टेक्श्चरे मागितलेली असतात आणि गेमच्या शेडरने 'ही मागणी एकसारखी नाही' असे सांगायचे राहून गेलेले असते. काही कार्डांवर ही चूक खपून जाते, एएमडीवर ती दिसते. म्हणजे दोष गेमचा असतो आणि बोल लागतो ड्रायव्हरला.

सुईसारखे लांब त्रिकोण हे सर्वांत फसवे लक्षण आहे. ते शेडर कंपायलरच्या (शेडर कार्डाच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) चुकीने येतात, तसेच मरणाऱ्या व्हिडिओ मेमरीमुळेही येतात. सगळा पडदा एक-दोन सेकंद गोठून काळा होणे आणि मग डेस्कटॉप परत येणे ही मात्र वेगळीच व्याधी आहे. तिथे कार्ड अडकून पुन्हा सुरू झालेले असते. त्याचा विचार पुढे केला आहे.

पहिली तपासणी: स्क्रीनशॉट

बिघाड दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्यावा, त्याच वेळी पडद्याचा फोनने फोटो काढावा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. याला खर्च शून्य आणि वेळ अर्धा मिनिट लागतो, पण निम्मे क्षेत्र इथेच बाद होते. स्क्रीनशॉट मेमरीतील तयार चित्रावरून घेतला जातो, म्हणून बिघाड त्यातही असेल तर चित्र तयार होतानाच चुकले आहे. फोनच्या फोटोत ठिपके आहेत आणि स्क्रीनशॉट स्वच्छ आहे असे आढळल्यास गेम आणि शेडर दोघेही निर्दोष असून केबल, मॉनिटर किंवा चित्र पडद्याकडे पाठवणारा भाग तपासायला हवा. ही साधी गोष्ट न केल्यामुळे मी एकदा तीन संध्याकाळी मेसाच्या चार आवृत्त्या उलटसुलट बसवत होतो. हिरवे ठिपके फक्त गडद दृश्यांत दिसत होते, त्यामुळे शेडरवरचा माझा संशय पक्का झाला होता. शेवटी दुसरी डिस्प्लेपोर्ट केबल लावली आणि ठिपके गेले. जुनी केबल टेबलाच्या पायाखाली दबून चपटी झालेली होती.

याच वेळी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि बायोसच्या, म्हणजे लिनक्सच्या आधी येणाऱ्या, पडद्याकडे लक्ष द्यावे. तिथेही रेघा किंवा चौकोन दिसले तर लिनक्स अजून सुरूच झालेले नाही, त्यामुळे मेसाचा काही संबंध नाही. केबल आणि मॉनिटर बदलूनही ते राहिले तर इथेच थांबावे आणि थेट शेवटच्या भागाकडे जावे.

दुसरी तपासणी: नेमका कोणता ड्रायव्हर चालू आहे?

टर्मिनलमध्ये 'व्हल्कनइन्फो --समरी' आणि 'जीएलएक्सइन्फो -बी' (यातला बी मात्र मोठ्या लिपीत) या दोन आज्ञा द्याव्यात. कार्डाचे नाव, ड्रायव्हरचे नाव आणि मेसाची आवृत्ती कागदावर उतरवून घ्यावी. कार्डाच्या जागी 'एलएलव्हीएमपाइप' असे नाव आले तर कार्ड वापरलेच जात नसून सगळे चित्र प्रोसेसर काढतो आहे, असा अर्थ होतो. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील तर गेम भलत्यावर चालत नाही ना, हेही इथेच कळते.

फ्लॅटपॅकने (प्रोग्रॅम यंत्रणेपासून वेगळा बसवण्याच्या पद्धतीने) बसवलेले स्टीम हे गेमांचे दुकान किंवा गेम यंत्रणेचा मेसा न वापरता फ्लॅटपॅकच्या रनटाइमसोबत आलेला स्वतःचा मेसा वापरतात. त्यामुळे 'कालच ड्रायव्हर अद्ययावत केला, तरी फरक नाही' अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न फ्लॅटपॅकचाच असतो; तिथे 'फ्लॅटपॅक अपडेट' वेगळे चालवावे लागते. जुने गेम ३२-बिटचे असतात आणि त्यांना मेसाचे ३२-बिटचे पॅकेज लागते. तेच मागे राहिले असेल तर नवे गेम व्यवस्थित आणि जुनेच तेवढे बिघडलेले, असे कोडे पडते.

तिसरी तपासणी: आपणच करून ठेवलेले उद्योग

वेग दाखवणारे मॅन्गोहड, रंग सुधारणारे व्हीकेबसाल्ट, रेकॉर्डिंगची साधने हे सगळे गेम आणि ड्रायव्हर यांच्या मधोमध बसतात. ते सर्व बंद करावेत. कार्डाचा वेग वाढवला असेल किंवा व्होल्टेज कमी केले असेल तर कारखान्याची मूळ मूल्ये परत आणावीत, कारण थोडेसे कमी पडलेले व्होल्टेज नेमके ड्रायव्हरच्या दोषासारखे दिसते. स्टीमच्या लाँच ऑप्शन्समधील सगळा मजकूर एका फाइलीत उतरवून ठेवावा आणि ती चौकट रिकामी करावी. कुठल्याशा जुन्या सल्ल्यावरून 'एटसी' फोल्डरमधील 'एन्व्हायर्नमेंट' फाइलीत टाकलेल्या ओळी तर हमखास विसरल्या जातात, तिथेही डोकवावे.

शेडर कॅशेबद्दल, म्हणजे एकदा तयार केलेले शेडर डिस्कवर जपून ठेवण्याच्या जागेबद्दल, थोडक्यात सांगतो. 'कॅशे पुसा' हा सल्ला जितका ऐकू येतो तितका तो उपयोगी नाही. मेसा आपल्या कॅशेची ओळख ड्रायव्हरच्या नेमक्या बांधणीशी (बिल्डशी) जोडून ठेवतो, त्यामुळे ड्रायव्हर बदलला की जुने शेडर आपोआप बाजूला पडतात. तरीही डिस्क भरली असताना किंवा वीज गेल्यामुळे फाइल अर्धवट राहिली असेल अशी शंका असल्यास घरच्या फोल्डरातील 'डॉट कॅशे' मधील 'मेसा शेडर कॅशे' नावाने सुरू होणारे फोल्डर हलवून बाजूला ठेवावे. कायमचे पुसण्याची घाई नको. फरक पडला तर तोच पुरावा असतो.

चौथी तपासणी: गेमच्या आतून

इथे थोडा वेळ द्यावा. गेममध्ये अशी जागा शोधावी की तिथे बिघाड हमखास दिसतो, आणि तिथेच गेम सेव्ह करावा. मग कॅमेरा न हलवता सावल्या, ब्लूम, अँटिअलायसिंग, अँबियंट ऑक्लूजन, किरणमार्गण (रे ट्रेसिंग) यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बंद करून पाहावी. चार गोष्टी एकदम बंद करून बिघाड घालवणे सोपे असते, पण त्यातून काहीच कळत नाही.

मूळ विंडोजचा गेम प्रोटॉनमधून (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या साधनातून) चालत असेल तर मध्ये आणखी एक थर असतो. डायरेक्टएक्स ११ पर्यंतच्या गेमांसाठी डीएक्सव्हीके आणि १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन हे विंडोजच्या ग्राफिक्स हाकांचे व्हल्कनमध्ये भाषांतर करतात. प्रोटॉनची आधीची एखादी आवृत्ती निवडून पाहणे हा स्वस्त आणि सरळ प्रयोग आहे: मेसा तोच ठेवून प्रोटॉन बदलल्यावर बिघाड गेला, तर बहुधा भाषांतराचा थर दोषी. 'प्रोटॉन_यूज_वाइनडी३डी=१' हा प्रयोगही लोक सुचवतात, पण त्याचा अर्थ लावताना सावध राहावे. त्याने डीएक्सव्हीके बाहेर जातो आणि बहुधा गेम व्हल्कनऐवजी ओपनजीएलवरही येतो, म्हणजे आरएडीव्हीच्या जागी रेडिऑन-एसआय काम करू लागतो. एकाच फटक्यात दोन गोष्टी बदलल्या, तर गुण कोणाला द्यायचा?

पाचवी तपासणी: मेसाची आवृत्ती

मेसाची नवी मालिका साधारण तीन महिन्यांनी येते आणि तिच्या दुरुस्ती-आवृत्त्या दोन-दोन आठवड्यांनी. आवृत्तीचा पहिला आकडा वर्षाचा असतो. शेवटी शून्य असलेल्या आवृत्तीच्या घोषणेत तर 'ज्यांना स्थैर्य हवे त्यांनी पुढच्या दुरुस्ती-आवृत्तीची वाट पाहावी' असे मेसावालेच लिहितात. हे गांभीर्याने घ्यावे.

उलट टोकही तितकेच त्रासाचे आहे. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ या लिनक्स वितरणात मेसा २२.३.६ आहे, तर मार्च २०२५ मध्ये बाजारात आलेल्या एएमडीच्या आरएक्स ९०७० मालिकेला २५.० च्या आसपासचा मेसा आणि तितकाच नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) व फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) लागतो. नवे कार्ड जुन्या वितरणात बसवून बिघाड शोधत राहणे म्हणजे वेळ दवडणे आहे. बसवलेली यंत्रणा न बिघडवता नवा मेसा तपासायचा तर एखाद्या ताज्या वितरणाचा लाइव्ह यूएसबी, म्हणजे न बसवता यूएसबीवरूनच चालणारा लिनक्स, वापरावा. ओपनजीएलचा छोटा मूळ लिनक्स गेम त्यावर सहज चालवून पाहता येतो. ड्रायव्हर अद्ययावत केल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल तर जुने पॅकेज परत बसवून तो जातो का, ते एकदा निश्चित पाहावे. 'आधी चालत होते' याला त्यानंतरच किंमत येते.

सहावी तपासणी: ड्रायव्हरची एकेक युक्ती बंद करणे

मला सर्वांत आवडणारा भाग हा आहे, कारण इथे संशयाला नाव मिळते. स्टीमच्या लाँच ऑप्शन्समध्ये 'आरएडीव्ही_डीबग=नोडीसीसी %कमांड%' असे लिहिले की आरएडीव्ही रंगांचे संकुचन बंद करतो. त्याच जागी 'नोहायझेड' लिहिले तर खोलीची जलद छाननी बंद होते, 'नोफास्टक्लिअर्स' लिहिले तर चित्र झटपट पुसण्याची युक्ती बंद होते आणि 'इन्व्हेरिअंटजिऑम' लिहिले तर शिरोबिंदूंचे गणित प्रत्येक फेरीत हुबेहूब तेच ठेवले जाते. लुकलुकणारे पोस्टर या शेवटच्या शब्दाने स्थिर झाले तर निदान जवळजवळ झालेच. इंटेलच्या ग्राफिक्ससाठी 'इंटेल_डीबग' या व्हेरिएबलमध्ये 'नोसीसीएस' आणि 'नोहायझेड' हे शब्द चालतात, तर एएमडीवरील ओपनजीएलसाठी 'एएमडी_डीबग=नोडीसीसी' आहे.

'झीरोव्हीरॅम' या शब्दाची गोष्ट वेगळी. काही गेम नव्याने मिळालेली मेमरी कोरी असेल असे गृहीत धरतात आणि ती स्वतः पुसत नाहीत. मग त्या मेमरीत आधीच्या प्रोग्रॅमचे जे काही उरलेले असेल ते पडद्यावर येते, कधी कधी चक्क ब्राउझरच्या पानाचा तुकडा झाडाच्या खोडावर उमटतो. हा शब्द दिल्यावर ड्रायव्हर मेमरी शून्याने भरूनच देतो. मेसासोबत येणाऱ्या डीआरआयआरसी या सेटिंगच्या फाइलीत अशा गेमांची यादीच आहे, त्यांच्यासाठी ही सवलत आपोआप लागू होते. आपल्या गेमला या शब्दाने गुण आला तर दोष गेमचा आहे, पण मेसावाल्यांना कळवल्यास ते त्याचेही नाव यादीत घालू शकतात.

कंपायलरवर संशय असेल तर 'एलएलव्हीएम' हा शब्द वापरावा. आरएडीव्ही पूर्वी शेडर एलएलव्हीएम या सर्वसाधारण कंपायलर-संचाकडून बनवून घेई. स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केलेला एसीओ हा कंपायलर २०२० मधील मेसा २०.२ पासून त्याची जागा घेऊन बसला. जुना मार्ग निवडल्यावर सुईसारखे त्रिकोण गेले आणि पुन्हा एसीओवर येताच परतले, असे तीनदा करून पाहिले तरी तेच, तर व्हिडिओ मेमरी सहसा सुटते आणि एसीओकडे बोट वळते. मेसा एलएलव्हीएमशिवाय बांधलेला असेल तर हा शब्द चालणार नाही, हे ध्यानात असावे.

एका वेळी एकच शब्द द्यावा. तसेच बिघाड गेला म्हणून काम संपले असे मानू नये. संकुचन बंद केले की गेमचा वेग उतरू शकतो.

सातवी तपासणी: कर्नलची नोंदवही

बिघाड घडल्यावर लगेच 'सुडो डीमेसग' (रोमनमध्ये डी-एम-ई-एस-जी) चालवून शेवटच्या ओळी वाचाव्यात. एएमडीवर 'रिंग जीएफएक्स' आणि 'टाइमआउट' हे शब्द किंवा इंटेलवर 'जीपीयू हँग' दिसले तर कार्ड अडकले होते. तिथे नुसता मेसा नव्हे, तर कर्नल आणि लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज दोन्ही अद्ययावत करून पाहावे. एकाच गेममध्ये एकाच जागी अडकत असेल तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा असतो. कोणत्याही गेममध्ये, कधीही आणि कार्ड तापल्यावर अडकत असेल तर तापमान, पंख्यात साचलेली धूळ आणि वीजपुरवठा पाहावा. 'मेमटेस्ट_व्हल्कन' हे मुक्तस्रोत साधन व्हिडिओ मेमरी तपासते. ते दहा-पंधरा मिनिटे चालवावे. त्याने चुका दाखवल्या तर ड्रायव्हरचा शोध तिथेच थांबवावा.

आठवी तपासणी, सर्वांत अवघड

इथवर येऊनही बिघाड सॉफ्टवेअरचाच ठरत असेल तर त्याची फ्रेम, म्हणजे बिघडलेले एक चित्र, पकडावी लागते. व्हल्कनसाठी रेंडरडॉक आणि ओपनजीएलसाठी एपीआयट्रेस ही साधने गेमने ड्रायव्हरला दिलेल्या सगळ्या हाका फाइलीत उतरवतात. ही फाइल दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या मेसावर चालवून पाहता येते. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना गेम विकतही घ्यावा लागत नाही. ऑनलाइन खेळल्या जाणाऱ्या आणि फसवणूकविरोधी यंत्रणा असलेल्या गेमला मात्र ही साधने जोडू नयेत, खाते बंद होण्याचा धोका असतो.

जुन्या मेसात बिघाड नव्हता हे सिद्ध झाले असेल तर मेसाच्या कोडमधील बदलांतून दोषी बदल शोधणारे 'गिट बायसेक्ट' वापरावे. चांगली आणि बिघडलेली आवृत्ती यांच्यात हजार बदल असले तरी दर वेळी मधला निवडून निम्मे बाद करत गेल्यास सुमारे दहा बांधण्यांत दोषी बदल हाती येतो. मेसा वेगळ्या फोल्डरात बांधावा आणि 'व्हीके_ड्रायव्हर_फाइल्स' या व्हेरिएबलने फक्त त्या गेमला तो दाखवावा. यंत्रणेतल्या मेसावर नवा मेसा कधीही लादू नये, नाहीतर डेस्कटॉपच उघडत नाही आणि बिघाड बाजूला राहतो. टर्मिनलमधून प्रोग्रॅम बांधायची सवय नसेल तर ही पायरी सोडून द्यावी. मेसाच्या गिटलॅबवर (कोड आणि तक्रारींच्या संकेतस्थळावर) कार्डाचे नाव, मेसा आणि कर्नल यांच्या आवृत्त्या, स्क्रीनशॉट, कोणत्या शब्दाने बिघाड गेला आणि शक्य असल्यास फ्रेमची फाइल एवढे इंग्रजीत लिहून कळवले तरी पुरे असते.

कुठे थांबावे

बायोसमध्येही चित्र फाटत असेल, मेमरी चाचणी चुका दाखवत असेल किंवा तेच कार्ड दुसऱ्या संगणकातही तसेच वागत असेल, तर पुढचे काम आपले नाही. हमीची मुदत असेल तर कार्ड उघडू नये, त्यावरचे स्टिकर खरवडू नये. सरळ सेवा केंद्रात द्यावे. मुदत संपली असेल तर चिप-लेव्हल दुरुस्ती करणारा कारागीर गाठावा, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या परिसरात असे हात सापडतात. त्याला स्क्रीनशॉट आणि मेमरी चाचणीचा निकाल दाखवावा, आणि मेमरीची चिप बदलणार की नुसते तापवून देणार हे आधी विचारावे. हॉट गनने किंवा घरच्या ओव्हनमध्ये तापवलेले कार्ड काही दिवस चालते आणि पुन्हा पडते. वीजपुरवठ्याचा डबा तर कोणत्याही परिस्थितीत घरी उघडू नये, प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरांत जीवघेणा भार राहतो.

दोष सॉफ्टवेअरचा निघाला आणि पुढच्या एखाद्या मेसामध्ये दुरुस्त होऊन आला, तर लाँच ऑप्शन्समधील शब्द त्याच दिवशी काढून टाकावा. माझ्या स्वतःच्या संगणकावर संकुचन बंद करणारी एक ओळ दीड वर्ष तशीच पडून होती आणि तेवढे दिवस गेम संथ चालतो म्हणून मी कार्डाच्या वयाला दोष देत होतो.